वीस वर्षांनी येणारा वाचक

परदेशी दत्तकाची फाईल चांगली जाडजूड होते. पोलिसांचा पंचनामा, बाल कल्याण समितीचे आदेश, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचं कात्रण, रक्ताचे आणि हृदयाचे रिपोर्ट, दत्तक घेणाऱ्या दांपत्याच्या देशातून आलेला त्यांच्या घराच्या चौकशीचा अहवाल म्हणजे होम स्टडी, 'कारा'ची, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची एनओसी, दत्तकाच्या आदेशाची प्रमाणित प्रत, पासपोर्टची झेरॉक्स. मध्य मुंबईतल्या एका दत्तक संस्थेत मी सामाजिक कार्यकर्ती आहे, त्याला दोन तपांहून जास्त काळ झाला. या ढिगातला एकच कागद माझ्या हातचा असतो, चाइल्ड स्टडी रिपोर्ट. मूल कुठून आलं, कसं वाढतंय, कशाला घाबरतं, कुणाला बिलगतं, हे त्यात लिहायचं. तो समितीचे सदस्य वाचतात, दिल्लीतले अधिकारी वाचतात, परदेशातली अधिकृत संस्था वाचते, पूर्वी न्यायाधीश वाचायचे, आता जिल्हाधिकारी वाचतात. ज्याच्यासाठी तो खरा लिहायला हवा, तो मात्र त्या वेळी बोबडं बोलत आमच्या पाळणाघरात रांगत असतो. तो वीस-पंचवीस वर्षांनी येतो आणि त्यातला शब्दन् शब्द वाचतो.

मी राहते लालबागला. आमच्या चाळीत माझ्या कामाबद्दल दोन मतं आहेत. एक, "पोराचं नशीब उघडलं, इथे राहून काय झालं असतं?" दुसरं, "आपलं लेकरू परक्या मुलखात कशाला धाडता गं? इथे काय माणसं मेलीत?" पहिलं मत ऐकलं की मला त्रास होतो, कारण आई, भाषा आणि गाव सुटणं याला कुणी नशीब म्हणू नये. दुसऱ्या मताला मात्र उत्तर द्यावंच लागतं. कायद्याने पहिला हक्क इथल्याच कुटुंबांचा आहे. मूल दत्तकासाठी मोकळं झालं की आधी भारतात राहणाऱ्या आणि परदेशस्थ भारतीय कुटुंबांना ते दाखवलं जातं. ठरलेल्या मुदतीत कुणीच पुढे आलं नाही, तरच परदेशी कुटुंबांचा विचार होतो.

आणि कुणीच पुढे येत नाही, असं कुणाच्या बाबतीत होतं? तान्ह्या, निरोगी बाळासाठी आपल्याकडे तीन-तीन वर्षांची रांग आहे. त्याच वेळी पाच-सहा वर्षांचा मुलगा, पाठीला पाठ लावून आलेली दोन भावंडं, हृदयाला छिद्र असलेली मुलगी, ओठ दुभंगलेलं बाळ, एका कानाने ऐकू न येणारं मूल वाट बघत बसलेलं असतं. मी स्वतः दादर-परळमधल्या किती जोडप्यांना असं मूल दाखवून बघितलंय. रडतात, हळहळतात, आणि "ताई, आम्हाला नाही जमणार" म्हणून उठतात. त्यांना मी नावं ठेवत नाही. अशा मुलाचं पुढचं औषधपाणी, शाळा, म्हातारपणी त्याला कोण, हे प्रश्न इथे आईबापांना एकट्यांनाच सोडवावे लागतात. इटलीतल्या किंवा स्पेनमधल्या जोडप्याच्या पाठीशी सरकारी दवाखाना उभा असतो, म्हणून ते 'हो' म्हणू शकतात. ते आपल्यापेक्षा मोठ्या मनाचे असतात म्हणून नव्हे.

"आपल्यात बाहेरचं मूल घ्यायची पद्धतच नाही," असंही ऐकते. माझं माहेर गिरगावचं. प्रार्थना समाजच्या बसस्टॉपवर उभी राहून मी कॉलेजात गेले. ज्याच्या नावाचा तो स्टॉप, त्या प्रार्थना समाजाच्या सुधारक लोकांनी 1875 साली पंढरपुरात बालकाश्रम काढला, आणि जी बाळं वाळवंटात टाकली गेली असती, ती वाढवली. त्याच्याही आधी, 1874 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा आपला म्हणून घेतला. तो मुलगा, यशवंत, पुढे डॉक्टर झाला. पद्धत आपल्याकडे होती. आपण ती फार थोड्या घरांपर्यंत पोचू दिली.

कागदांबद्दल लोक कुरकुरतात, परदेशी आईवडील तर फारच. मुलाचा फोटो त्यांच्या फ्रिजवर लावलेला असतो आणि इथे एकेका सहीसाठी महिने जातात. मला त्यांची तगमग समजते. पण मी ज्या काळात कामाला लागले, तेव्हाच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जे सांगितलं, त्यामुळे एकही कागद मला फालतू वाटत नाही. पूर्वी परदेशी जोडप्याला मुंबईत न येताच मूल मिळायचं. विमानाने जाणारं कुणीतरी ओळखीचं, कधी स्वयंसेवक, मुलाला सोबत घेऊन जायचं आणि तिकडच्या विमानतळावर ताब्यात द्यायचं. अॅड. लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला या गैरप्रकारांबद्दल पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं, आणि 6 फेब्रुवारी 1984 रोजी न्या. भगवतींनी निकाल देऊन परदेशी दत्तकाची चौकट आखली. परदेशी माणसाने परस्पर मूल न्यायचं नाही, त्याच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेने त्याच्या घराची चौकशी करायची, आणि इथल्या न्यायालयाने एका त्रयस्थ संस्थेकडून सगळी फाईल तपासून घ्यायची. मी नवी होते तेव्हा आमच्या फाईली इंडियन कौन्सिल ऑफ सोशल वेल्फेअरकडे जायच्या. तिथल्या बाई एकेका वाक्यावर पेन्सिलीने खूण करून विचारायच्या, "हे तुम्हाला कुणी सांगितलं? तारीख कुठे आहे?" लिहायला मी तिथे शिकले.

तेव्हा उच्च न्यायालयातून मिळायचं ते पालकत्व, 1890 च्या कायद्याखालचं. हिंदू दत्तक कायदा 1956 चा, तो फक्त हिंदूंना. त्यामुळे परदेशी जोडपं इथे मुलाचं पालक व्हायचं आणि आपल्या देशात जाऊन दत्तक पूर्ण करायचं. करायचं, म्हणजे करायला हवं होतं. 2008 साली अमेरिकेतून एक तरुणी मुंबईत परत पाठवली गेली. लहान असताना इथून तिला नेलं होतं. तिकडे एका घरातून दुसऱ्या घरात फिरली, आणि तिच्या नागरिकत्वाचे कागद कुणी पूर्णच केले नाहीत. गुन्ह्यात शिक्षा झाली तेव्हा कळलं की ती अमेरिकन नाही. तिकडे 2000 साली झालेल्या कायद्याने दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व मिळालं, पण 27 फेब्रुवारी 2001 ला ज्यांची अठरा वर्षं पूर्ण झाली होती, ते बाहेर राहिले. तिचा नवरा आणि मुलं तिकडे, ती इथे, आणि इथली भाषा तिला येत नाही. ती आमच्या उच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिची बातमी मी पेपरात वाचली आणि कितीतरी दिवस जुन्या फाईली उघडून बघत होते, की शेवटचा कागद, तिकडच्या नागरिकत्वाचा, लावलेला आहे ना.

आता हे पुष्कळ सुधारलंय. भारत 2003 मध्ये आंतरदेशीय दत्तकाच्या हेग करारात आला. बाल न्याय कायद्याखाली दत्तकच इथे पूर्ण होतं. आईवडिलांना मुलाला न्यायला स्वतः यावं लागतं. त्यानंतर दोन वर्षं तिकडून अहवाल येतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. म्हणून आम्ही हायकोर्टाच्या पायऱ्या सोडून जुन्या जकात घरातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात फाईली घेऊन जायला लागलो. मध्ये काही महिने भलताच गोंधळ होता. चालू खटले हलवायचे की नाही? शेवटी उच्च न्यायालयानेच सांगितलं की तूर्त हलवू नका. तेवढ्या काळात एका मुलीचा पुढचा दात पडून नवा आला, आणि तिच्या आईवडिलांकडे मात्र बोळकं हसणारा जुनाच फोटो. बदलाला माझा विरोध नाही. पण न्यायाधीशांना अशा फाईली बघायची सवय झाली होती. कुठे थांबून प्रश्न विचारायचा, हे त्यांना ठाऊक होतं. नव्या टेबलावर ती सवय लागायला वेळ जाणार, आणि तो वेळ जातो मुलाच्या खात्यातून.

आणखी एका प्रकारच्या घरांशी माझा संबंध येतो, त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं, कारण ती मराठी घरं आहेत. दादरच्या हिंदू कॉलनीत राहणारा एक भाऊ, न्यू जर्सीतला दुसरा. अमेरिकेतल्याला मूल नाही. इथल्याला दोन मुली. घरात बोलणं होतं, गुरुजी येतात, मांडीवर द्यायचा विधी होतो, दत्तकपत्राची नोंदणी होते, पेढे वाटले जातात. मग व्हिसासाठी गेल्यावर कळतं, की अमेरिका हे दत्तक मानतच नाही. तोवर मुलीच्या शाळेचा दाखला काढलेला असतो, तिच्या कपड्यांची बॅग भरलेली असते, आणि तिला सांगितलेलं असतं की आता तुझे आई-बाबा ते. नात्यातल्या दत्तकालाही 'कारा'चा रस्ता आहे. हिंदू कायद्याखाली झालेल्या दत्तकालाही 2021 पासून एनओसीची वाट करून दिलेली आहे. पण ही घरं आमच्याकडे येतात ती सगळं करून झाल्यावर. माझी कळकळीची विनंती आहे, पेढ्यांच्या आधी या. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला दोन घरांच्या मध्ये लोंबकळत ठेवण्याएवढं वाईट काही मी या कामात पाहिलेलं नाही.

उलट्या दिशेचाही प्रश्न हल्ली येतो. बहिणीचं मूल अमेरिकेत जन्मलं, अमेरिकन नागरिक आहे, ते आम्ही इथे घेऊ का? जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका जोडप्याची याचिका फेटाळली. बाल न्याय कायदा अशा परदेशी नागरिक मुलाला लागू होत नाही, आणि असं मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क कुणाला नाही, असं न्यायालय म्हणालं. मूल घरात, मांडीवर, आणि कायद्यात मात्र पाहुणं. आधी त्या देशात दत्तक पूर्ण करायचं आणि मग इथे आणायचं, हे सांगताना मला नेहमी जड जातं, पण तेच सांगावं लागतं.

आता मुलांकडे येते.

आमच्याकडचा एक मुलगा सहा वर्षांचा असताना इटलीला गेला. तो आला तेव्हा ओठ निळे पडायचे. वाडिया रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मुलांना सांभाळणाऱ्या आमच्या मावशी वॉर्डबाहेर बाकावर झोपल्या. बरा झाला, पण वय वाढलं होतं, छातीवर व्रण होता. इथे कुणी घेतलं नाही. इटलीतल्या जोडप्याने स्वीकारलं, त्यांनी फोटोंचा अल्बम पाठवला. घर, जिना, कुत्रा, आजी. आम्ही रोज तो घेऊन बसायचो. मुलाला तयार करणं म्हणजे काय, तर त्याचे प्रश्न येऊ देणं आणि एकाचंही खोटं उत्तर न देणं. "तिकडे मावशी येणार?" नाही. "तिकडे गणपती बसतो?" तिकडे रस्त्यात मंडप नसतो, पण तुझ्याबरोबर छोटा गणपती देऊ. "कुत्रा चावतो?" ते विचारून सांगते. मी खरंच ई-मेल पाठवून विचारलं, आणि त्या बाईंनी कुत्र्याच्या तोंडात स्वतःचा हात घालून काढलेला फोटो पाठवला. तो प्रश्न सुटला. "मी वाईट वागलो म्हणून पाठवता का?" हा प्रश्न त्याने मला विचारला नाही. भांडी घासताना मावशींना विचारला. त्यांनी साबणाचे हात तसेच त्याच्या गालाला लावले आणि म्हणाल्या, "येडा आहेस का? तुझे आईबाबा तुला शोधत आलेत." आणि मग मला येऊन सगळं सांगितलं. आमच्या मावशींपैकी बऱ्याच जणी शाळा अर्धवट सोडलेल्या. मुलाबद्दल त्यांना जेवढं कळतं तेवढं कुठल्याही चाचणीत उतरत नाही. मी रिपोर्ट लिहायला बसते तेव्हा आधी त्यांना समोर बसवते.

ते जोडपं आलं तेव्हा त्यांना आम्ही खिचडी करायला शिकवली. गोधडी न धुता बरोबर दिली, वास राहावा म्हणून. हे सगळं उपयोगी पडतं. तरी एक गोष्ट आपल्या हातात राहत नाही. चार-पाच महिन्यांनी व्हिडिओ कॉल आला, आणि मावशींनी विचारलं, "जेवलास का रे?" तो हसला, आईकडे बघितलं. त्याला कळलं नव्हतं. सहा वर्षांचं मूल घरातली भाषा बदलली की काही महिन्यांत आधीची भाषा विसरतं. अहवालात लिहून आलं होतं की तो छान इटालियन बोलतो, फुटबॉल खेळतो, वजन वाढलंय. मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत. तो आनंदात होता हे मीही पाहिलं होतं आणि त्यांनीही. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, आणि या कामात टिकायचं तर दोन्ही धरून ठेवता यायला हवं.

म्हणूनच लिहिण्याला महत्त्व आहे. भाषा जाते, आठवण जाते, कागद राहतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी स्वीडनमध्ये वाढलेली एक बाई आमच्याकडे आली. जन्म 1983 चा, लालबाग-परळमधला. सोबत तिची जुनी फाईल, त्यात तेव्हाच्या पद्धतीचा एक पानी अहवाल. बांधा, रंग, वजन, "तब्येत उत्तम, स्वभाव आनंदी". एवढंच. पण खाली कुणीतरी हाताने एक ओळ जोडली होती की वडील गिरणी कामगार, संपात काम गेलं, आधीची दोन मुलं. नाव-पत्ता मी तिला सांगू शकत नव्हते. जन्मदात्यांची ओळख त्यांच्या संमतीशिवाय उघड करायची नाही, हा नियम योग्यच आहे. मूल सोपवून गेलेल्या बाईने पुढे कुठे, कुणाजवळ काय लपवून संसार उभा केला असेल, हे आपल्याला माहीत नसतं. पण त्या एका ओळीतून जे सांगता येत होतं ते मी सांगितलं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. गिरण्या बहुतेकांसाठी पुन्हा उघडल्याच नाहीत. घरातली भांडी विकली गेली, माणसं गावी गेली, शिकणारी मुलं कामाला लागली. तिला घेऊन मी लालबागच्या भारतमाता सिनेमापासून चिवडा गल्लीपर्यंत चालत गेले. जिथे गिरण्या होत्या तिथले टॉवर दाखवले. मिरचीच्या दुकानांपाशी तिला ठसका लागला, थांबलो. ती म्हणाली, लहानपणापासून मला एवढंच सांगितलं होतं की भारतात गरिबी आहे. म्हणून मला दिलं, असं मी धरून चालले होते. गरिबी म्हणजे काही हवामान नव्हे, ती कधी आली, कशाने आली, हे मला आज कळलं.

ती ओळ कुणी लिहिली ते मी शोधून काढायचा प्रयत्न केला. अक्षर ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

हल्ली मूल सोपवायला आई आली, की समितीपुढे कागद होतो आणि तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्या मुदतीत मी तिला एकदा तरी विचारते, बाळाला पुढे काही सांगायचंय का. बहुतेकजणी मान हलवतात, नाही. एक मुलगी, जेमतेम विशीची, दारापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, "मी त्याला तीन आठवडे अंगावर पाजलं, हे लिहा. त्याला वाटायला नको, जन्मल्या जन्मल्या टाकला." मी तिच्यासमोर लिहिलं आणि वाचून दाखवलं. वरच्या कार्यालयातून शेरा आला होता की असा मजकूर नमुन्यात बसत नाही. नमुन्यातल्या शेवटच्या रकान्यात, 'इतर माहिती'मध्ये, तो बसवला. तो मुलगा आता परदेशात शाळेत जातो. रिपोर्टचं भाषांतर त्याच्या आईवडिलांकडे आहे.

सध्या माझं भांडण वेगळं चाललंय. संस्थांच्या जागा जुन्या इमारतींत, इमारती पुनर्विकासाला, आणि कपाटं कुठे हलवायची हा प्रश्न. जुन्या फाईली स्कॅन करून मूळ कागद काढून टाकावेत, अशी सूचना आली. स्कॅन जरूर करावं, माझा आग्रहच आहे. पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते आणि वाळवीला 1983 आणि 2013 मधला फरक कळत नाही. पण मूळ कागद काढायला मी लेखी विरोध दिला आहे. स्वीडनहून आलेल्या त्या बाईने जाताना एक पत्र लिहून फाईलमध्ये ठेवलंय, इंग्रजीत, आणि खाली माझ्याकडून मराठीत करून घेतलेलं. तिची जन्मदाती कधी चौकशीला आलीच, तर ते तिच्या हातात द्यायचं आहे. स्वतःच्या अक्षरातलं, असं तिने बजावून सांगितलंय.